खोलीतली तिसरी व्यक्ती

अप्पासाहेब खाकरले आणि मी पदर सारखा केला.

खरं म्हणजे ते माझ्यासाठी खाकरले नव्हते. घसा सुकला असेल, उन्हाळ्याचे दिवस. पण त्या घरात अप्पासाहेब खाकरले की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबत, अंगणातला माळी झारी खाली ठेवी आणि टेबलापलीकडे बसलेली त्यांची दहा वर्षांची नात, इंदुमती, उघडलेलं तोंड मिटून घेई. पाव्हलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं सवय लावून लावून नुसत्या आवाजावर कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणलं, यावर मी परीक्षेत चार पानं लिहून पास झाले होते. इथं आवाजानं तोंडचं पाणी पळत होतं, एवढाच फरक. तो मला दिसायला हवा होता, पण मी पदर सारखा करण्यात गुंतले होते.

ही १९५४ च्या जूनमधली गोष्ट. मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला असायचं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फायलींचे पेटारे रेल्वेनं इकडून तिकडे जायचे आणि त्यांच्यामागून साहेबलोक. शिक्षण खात्यात त्या वर्षी मानसिक चाचण्यांचा एक नवा कोपरा उघडला होता. कोपरा म्हणजे खरोखर कोपराच होता. एक टेबल, एक कपाट आणि मी. वय सव्वीस, शिक्षकीची बी.टी. झालेली, अलाहाबादला वर्षभर राहून चाचण्या घ्यायला शिकून आलेली, आणि त्याचा जरा जास्तच तोरा असलेली.

अप्पासाहेबांचं घर लालबागच्या वाटेवर होतं. होळकरांच्या हुजूर दफ्तरात एकतीस वर्षं त्यांनी कागद सांभाळले. नोकरी संपली, मग संस्थानही संपलं, पण अप्पासाहेबांचा सकाळचा इस्त्रीचा अंगरखा आणि ताठ मान तशीच राहिली. मुलगा दोन वर्षांपूर्वी विषमज्वरात गेला. तेव्हापासून विधवा सून शशिकला आणि नात इंदू त्यांच्याकडे होत्या. इंदू शाळेत बोलत नसे. काही विचारलं की "जी" म्हणून उभी राही. शेवटी शाळेनं चिठ्ठी पाठवली की मुलीच्या बुद्धीची तपासणी करून घ्यावी, तोवर पुढच्या वर्गात घालता येणार नाही.

खांडव्याच्या पुढे, एका दूरच्या गावी मंदबुद्धी मुलांची एक संस्था होती. अप्पासाहेबांनी तिथं पत्र घातलं होतं. जागा होती. फक्त सरकारी कागद हवा होता. चाचणीत सत्तरच्या खाली आकडा आला तर इंदू सोमवारच्या गाडीनं तिकडे जायची, वर आला तर आईजवळ राहून शाळेत जायची. इतकं सरळ होतं ते, आणि तो कागद माझ्या हातचा होता.

"माझं वय चौऱ्याहत्तर," अप्पासाहेब मला म्हणाले होते. "माझ्यानंतर हिला कोण बघणार, बाईसाहेब? सूनबाई एकटी. तिथं निदान हिफाजत तर होईल." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. दगडाचा माणूस, असं मला तेव्हा वाटलं. माणसं ओळखायचं शिक्षण घेतलेल्या बाईला असं वाटलं.

चाचणीचा पहिला नियम असा, की खोलीत मूल आणि परीक्षक यांच्याशिवाय कुणी नसावं. तो मला तोंडपाठ होता. पेटी उघडताना मी म्हणालेसुद्धा, "अप्पासाहेब, आपण जरा..."

"हां, बसतो ना मी इथंच," ते म्हणाले. "आपण शौकानं आपलं काम करा." आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले.

आता सांगा. माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा, घर त्यांचं, खुर्ची त्यांची. त्यांना उठा म्हणायचं? माझ्या आईनं मला वडीलधाऱ्यांसमोर पाय मोकळे सोडून बसू दिलं नव्हतं. जीभ टाळ्याला चिकटली. मनात म्हटलं, पेपर तर वाचताहेत, आपल्याकडे लक्षही नाही.

मग मी सुरुवात केली.

या चाचणीचा मूळ पुरुष बिने हा फ्रेंच गृहस्थ. पॅरिसच्या शाळांत मागे पडणारी मुलं हुडकावीत आणि त्यांना मदत करावी म्हणून त्यानं प्रश्नांची एक माळ ओवली. मूल कुठल्या वयाच्या प्रश्नांपर्यंत पोचतं, त्यावरून त्याचं मानसिक वय. पुढे श्टेर्न नावाच्या जर्मनानं त्या वयाला खऱ्या वयानं भागायला सांगितलं, अमेरिकेत टर्मननं त्याला शंभरानं गुणलं आणि मुलाचा आकडा तयार झाला. असा एक आकडा काढून कुणाच्या कपाळी मारणं बिनेला पसंत पडलं नसतं, हेही आम्हाला शिकवलं होतं, पण परीक्षेत ते कधी विचारत नसत.

मी आकडे वाचले, इंदूनं ते जसेच्या तसे म्हणून दाखवले, सहाच्या सहा. ठोकळे नीट लावले. मग चेहऱ्यांची चित्रं आली. दोन चेहरे, एक देखणा, एक वेडावाकडा. यातला सुंदर कोणता?

इंदूनं दोन्ही चित्रांकडे पाहिलं. "दोन्ही छान आहेत, जी."

चूक. मी खूण केली. मग विसंगतीचे प्रश्न आले. पुस्तिकेतला शब्द न शब्द तसाच वाचायचा असतो, एक अक्षर बदललं तर निकाल रद्द. मी वाचलं, "मी आता काही गोष्टी वाचणार आहे. त्यात मूर्खपणाचं काय आहे, ते मला सांग. एक म्हातारी म्हणाली, लहानपणी आम्ही दोघं भावंडं फार आजारी पडलो. त्यात मी दगावले, पण माझा भाऊ वाचला."

इंदूच्या ओठांची हालचाल झाली. अप्पासाहेब खाकरले. ओठ मिटले.

"काय मूर्खपणाचं आहे यात?"

"काही नाही, जी."

"स्टेशनमास्तर म्हणाले, आज गाडीला एवढा उशीर झाला की ती येण्याआधीच निघून गेली." पुन्हा खाकरणं झालं.

"काही नाही, जी."

"घड्याळजी म्हणाला, माझं घड्याळ कालपासून बंद आहे, पण वेळ अगदी बरोबर दाखवतं. मी दर तासाला बघतो."

"बरोबर आहे, जी."

अशी नऊ वाक्यं. नवाच्या नऊ चूक. मधे एकदा तिनं पाणी मागितलं, तेव्हाही खाकरणं झालं आणि पाणी राहिलंच. मी तिथंच टेबलावर हिशेब केला. मानसिक वय साडेसहा, खरं वय दहा वर्षं दोन महिने. भागिले, गुणिले. चौसष्ट.

"कितना?" अप्पासाहेबांनी विचारलं. पेपर त्यांच्या तोंडासमोर होता.

"चौसष्ट," मी म्हणाले. इंदू माझे ठोकळे रंगांप्रमाणे लावून पेटीत भरत होती, लाल लालपाशी, निळे निळ्यापाशी. तेही मी पाहिलं आणि त्याचा काही विचार केला नाही.

संध्याकाळी घरी, जुन्या पलासियात भावाच्या बंगल्यात बसून मी फॉर्म भरला. सातवा रकाना होता: चाचणीच्या वेळी खोलीत तिसरी व्यक्ती हजर होती काय? पेन जरा थांबलं. 'होय' लिहिलं तर का, कोण, बाहेर का काढलं नाही, या सगळ्याचं उत्तर द्यावं लागणार. माझ्या कोपऱ्यातला हा पहिलाच पुरा अहवाल. आणि अप्पासाहेब म्हणजे काही व्यक्ती नव्हेत, ते घरचे मालक. मी लिहिलं, 'नाही'. माणूस चुकून काही लिहीत नाही, आतलं काहीतरी त्याच्याकडून लिहवून घेतं, असं फ्रॉइड म्हणतो. माझं आतलं तर वरच तरंगत होतं, त्यासाठी व्हिएन्नाच्या डॉक्टरची गरज नव्हती. मी भ्याले होते, आणि भ्यालेली दिसू नये म्हणून खोटं लिहिलं.

शुक्रवारी अहवाल अच्युतरावांकडे दिला. अच्युतराव आमचे साहेब, ग्वाल्हेरचे, पंचेचाळिशीचे, माणूस सज्जन पण कागदावर प्रेम करणारा. चाचण्यांचा हा उद्योग सुरू व्हावा म्हणून वरच्या लोकांशी भांडलेला. "व्वा," ते म्हणाले. "क्लीन रिपोर्ट. एक आकडा, खाली सही. सोमवारी अकराला अप्पासाहेबांना बोलावतो, हातोहात कागद देऊन टाकू." मी हवेत चालत घरी आले.

रविवारी दुपारी दारात टांगा थांबला. शशिकला उतरली, मागून इंदू. मी पाणी देईपर्यंत शशिकला खुर्चीत बसलीसुद्धा नाही. वहिनी इंदूला आत आंबा द्यायला घेऊन गेली, तशी ती एकदम बोलू लागली.

"ताई, मामंजींना माहीत नाही मी आलेय. देवळात जाते म्हणून निघाले. मला फक्त एक सांगा, तुमची नोकरी तर जाणार नाही ना?"

"माझी? का बरं?"

"ही पोरगी दोन दिवस झाले परेशान आहे. मला म्हणते, आई, त्या बाई इतक्या शिकलेल्या, पण त्यांच्या पुस्तकात सगळं गलत छापलंय. त्यांना कुणी सांगितलंच नाही. साहेबांना कळलं तर त्यांना काढून टाकतील." शशिकलानं आतल्या दाराकडे पाहिलं. "मी तर हैराण झाले. आधी वाटलं काहीतरी बडबडतेय. मग तिनं मला एकेक करून सांगितलं. ताई, नऊच्या नऊ गोष्टी सांगितल्या तिनं. आणि उद्या दुपारच्या गाडीची तिकिटं आहेत."

मी इंदूला बाहेर बोलावलं. हनुवटीला आंब्याचा रस होता. मी जमिनीवर, तिच्या समोर बसले.

"इंदू, ती म्हातारी आठवते?"

"जी. ती दगावली तर बोलत कशी होती?"

"आणि घड्याळ?"

"बंद घड्याळ दिवसातून दोनदाच बरोबर असतं. तो दर तासाला बघतो तर बाकीच्या वेळी चुकीचंच दिसेल." तिनं हनुवटी पुसली. "आणि गाडी येण्याआधी जाईल कशी, ती तर दुसऱ्या गावी असेल."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं बोटाचा रस फ्रॉकला पुसला. मग म्हणाली, "तुम्ही छापलेलं वाचत होता. आजोबा पण ऐकत होते, ते काही म्हणाले नाहीत. मग मी कसं मूर्खपणा म्हणू?"

नऊ खुणा मी एका मुलीच्या बुद्धीवर केल्या होत्या आणि नवाच्या नऊ तिच्या शिस्तीवर पडल्या होत्या. परक्या देशातला माणूस असता तर त्याला हे कळलं नसतं, त्याला माफ होतं. मी याच मातीतली. मीही त्याच खोलीत, त्याच खाकरण्यापुढे गप्प बसले होते. त्या मुलीत आणि माझ्यात फरक एवढाच, की तिचा आकडा निघाला आणि माझा निघाला नाही.

पुन्हा चाचणी घेता येणार नव्हती. प्रश्न एकदा माहीत झाले की तीच चाचणी वर्षभर चालत नाही, आणि दुसरी माझ्याकडे नव्हती. एकच वाट होती. अहवाल रद्द करून घ्यायचा, आणि त्यासाठी सातव्या रकान्यात मी खोटं लिहिलं, हे सांगायचं. शशिकलाला मी म्हणाले, "उद्या अकराला इंदूला घेऊन ऑफिसात या. ट्रंक आणायची तर आणा." तिनं इंदूचा हात धरला आणि ती टांग्याकडे वळली.

सोमवारी अच्युतरावांच्या खोलीत अप्पासाहेब आधीच येऊन बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांमधे उभी धरून. बाहेर फाटकाशी टांगा, टांग्यात हिरवी ट्रंक. व्हरांड्यातल्या बाकावर मायलेकी. घड्याळात अकराला पाच कमी होते आणि गाडी दोनला होती. अहवाल टेबलावर होता, शिक्का मारलेला, फक्त अच्युतरावांची सही बाकी.

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"साहेब, तो अहवाल चुकीचा आहे. चाचणीच्या वेळी अप्पासाहेब खोलीत होते. मी त्यांना बाहेर जायला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मुलीला सगळी उत्तरं येत होती. थोरांसमोर ती बोलू शकली नाही."

अच्युतरावांनी चष्मा काढला. फॉर्म उचलला, सातवा रकाना काढला आणि बोट ठेवून वाचला. "इथं तर 'नाही' लिहिलंय. तुमच्या अक्षरात."

"ते खोटं आहे."

"सुहासिनीबाई, देखिए, ये सीरियस मॅटर है." रागावले की ते हिंदीत जात. "आज एक आई रडत आली म्हणून तुम्ही कागद बदलणार, उद्या दुसरी येईल. मग या टेस्टला मतलबच काय राहिला? या फॉर्मला तुम्ही खोटं म्हणताय. मी फॉर्म मानू का तुम्हाला?" मग ते अप्पासाहेबांकडे वळले. "आपणच सांगा. आपण होता तिथं?"

सुटले, असं मला वाटलं. हा माणूस तिथंच बसला होता, त्याला माहीत होतं, आता तो 'होतो' म्हणेल आणि संपेल.

अप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दया होती, तीच जास्त बोचली. मग ते सावकाश, दरबारात बोलावं तसं बोलले. "बाईसाहेबांनी सरकारी कागदावर 'नाही' लिहिलंय. मग मी नव्हतो."

ते मला वाचवत होते. एका बाईमाणसानं, सरकारी हुद्द्यावरच्या बाईनं, चारचौघांत स्वतःला खोटी म्हणवून घ्यावं, हे त्यांना बघवत नव्हतं. एकतीस वर्षं ज्या माणसानं झालेला कागद खाली पडू दिला नाही, तो आता माझा कागद दोन्ही हातांनी धरून उभा होता. आणि त्या कागदाखाली त्यांची नात होती.

आता मला म्हणायचं होतं: अप्पासाहेब, तुम्ही खोटं बोलताय. पाच शब्दसुद्धा नव्हते. माझं तोंड उघडलं आणि शब्द आले नाहीत. लाज वाटते सांगायला, पण मी उभी राहिले त्या पोरीसारखी. जवळजवळ "जी" म्हणाले असते.

"ठीक आहे," अच्युतराव म्हणाले. "मुलीला बोलवा. आणि बाई, तुम्ही मधे बोलायचं नाही."

इंदू आली. मागून शशिकला, दाराच्या चौकटीला धरून. अच्युतरावांचा आवाज मऊ झाला, माणूस वाईट नव्हता. "बेटा, घाबरू नकोस. बाई तुला प्रश्न विचारत होत्या ना, तेव्हा आजोबा खोलीत होते का? बाईंनी कागदावर लिहिलंय की नव्हते. आजोबा पण म्हणतात, नव्हते."

इंदूनं कागदाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिच्याकडे बघून मान हलवू शकत होते, पण मुलं परीक्षकाचा चेहरा वाचतात, हे अच्युतरावांनाही माहीत होतं आणि ते माझ्याकडेच बघत होते.

"जी," इंदू म्हणाली. "नव्हते."

शशिकलानं आवाज न करता तोंडावर पदर धरला. अच्युतरावांनी पेन उचललं आणि शाईच्या दौतीत बुडवलं. आणि त्या वेळी, अगदी टाक कागदाला टेकायच्या वेळी, माझ्या डोक्यात लख्ख पडलं की मी सुरुवातीपासून चुकीचा प्रश्न विचारत होते. त्या पोरीला थोरांचं बोलणं खोडता येत नव्हतं. तर मग ते न खोडता तिला जे सांगता येईल, तेच विचारायला हवं होतं.

"साहेब, एकच प्रश्न," मी म्हणाले. "आपल्यासमोर विचारते. मग सही करा."

त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं. ते मी 'हो' समजले.

"इंदू, आजोबा कुठं नव्हते?"

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत नव्हते."

"त्यांच्या हातात काय नव्हतं?"

"पेपर नव्हता."

"ते पेपर वाचत नव्हते?"

"त्यांनी चष्मा लावलाच नव्हता. म्हणजे..." ती अडखळली, मग तिला वाट सापडली. "म्हणजे चष्मा खिशात नव्हता."

अच्युतरावांनी पेन खाली ठेवलं. अप्पासाहेब काठीच्या मुठीकडे बघत होते.

"अजून काय झालं नव्हतं, इंदू?"

"ते तीनदा खाकरले नव्हते. एकदा म्हातारीच्या वेळी, एकदा गाडीच्या वेळी आणि एकदा मी पाणी मागितलं तेव्हा." ती आता बोटं मोजत होती, एकही गोष्ट सुटू नये म्हणून. कुणालाही खोटं न पाडता सगळं नीट सांगून टाकायची सोय तिला पहिल्यांदा मिळाली होती. "त्यांच्या पेपराचं सगळा वेळ एकच पान उघडं नव्हतं. आणि बाई चौसष्ट म्हणाल्या ना, तेव्हा पेपराच्या मागं आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते त्यांनी अंगरख्याच्या बाहीला पुसलं नव्हतं."

बाहेर टांग्याच्या घोड्यानं खूर आपटला.

अप्पासाहेब उठायला लागले. एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा काठीवर भार देऊन उठले. त्यांचा चेहरा बघवेना, मी खाली पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "मी होतो."

"अप्पासाहेब, आपण बसा..."

"नाही. मी होतो. ही पोरगी जे जे नव्हतं म्हणाली, ते सगळं होतं." त्यांचा घसा भरून आला, पण ते खाकरले नाहीत. "एकतीस वर्षं दफ्तरात काढली. तयार झालेला कागद मी कधी परत मागितला नाही, कुणाला मागू दिला नाही. हा मला परत द्या."

अच्युतरावांनी तो त्यांना दिला नाही, नियमात बसत नव्हतं. पण लाल शाईनं त्यावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि खाली तारीख घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळेला मी आजच लिहितो, मुलीला वर्गात घ्या म्हणून. पण बाई, सातव्या रकान्याचं एक्सप्लनेशन तुम्हाला लेखी द्यावं लागेल. आणि तुमची नेमणूक मी वाचवू शकेन, असं मला वाटत नाही."

"नका वाचवू," मी म्हणाले. थोरामोठ्याला उलट बोललेलं माझं ते आयुष्यातलं पहिलं वाक्य असेल. त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण ती नोकरी मला फार हवी होती.

व्हरांड्यात आलो. शशिकलानं माझे दोन्ही हात धरले. अप्पासाहेब आमच्यापाशी थांबले नाहीत. पायऱ्या उतरून थेट टांग्याकडे गेले, आणि टांगेवाल्याला ट्रंक मागच्या बाजूनं नीट बांधायला सांगू लागले. स्टेशन नाही, घर, असं त्याला दोनदा समजावताना ऐकू आलं.

इंदू माझ्या पदराशी उभी होती. "बाई, मी चुकले का?"

"तू नाही चुकलीस. मी चुकले." मी तिच्यासमोर पायरीवर बसले. "हे तू म्हणून दाखव बघू. म्हण, बाई चुकल्या."

तिनं मान हलवली. तिला ते येत नव्हतं. बिनेच्या माळेत न ओवलेला, सगळ्यांत अवघड प्रश्न होता तो, आणि त्याचं उत्तर मला स्वतःला सव्विसाव्या वर्षी, नोकरी घालवून आलं होतं. मी वाट पाहिली. स्टॉपवॉच माझ्याकडे नव्हतं, असतं तरी मी ते सुरू केलं नसतं. तिनं एकदा टांग्याकडे पाहिलं. आजोबांची आमच्याकडे पाठ होती.

"बाई चुकल्या," इंदू म्हणाली. लगेच तिनं माझा हात धरला, मला लागलं तर नाही ना ते बघितलं, आणि घाईघाईनं पुढे म्हणाली, "थोड्या."